मोझेलने लावलेला गांडुळांचा डबा

आमच्या हार्लन फेरी गावात हॉइट क्रम्प्टनची एक खोड सगळ्यांना पाठ होती. धरणाच्या पाण्यात बोट उभी करायचा, डब्याचं झाकण उघडायचा, आणि पाण्यावरची नजर न हलवता हात घालून गांडूळ उचलायचा. आत बघायचाच नाही. आम्ही बाकीचे डब्यात डोकं खुपसून, हे घेऊ का ते घेऊ करत, एकेक रबरी गांडूळ उन्हात धरून चष्म्याच्या वरून न्याहाळत बसायचो, आणि हा गडी हात घालून मोकळा. वर मासेही यालाच लागायचे. हॉइटला बघावं लागत नाही, असं लोक म्हणायचे, आणि म्हणताना आवाज असा खाली आणायचे, जणू चर्चमध्येच बसलेत.

बघावं लागत नाही म्हणे! बघून उपयोग नव्हता, हे कुणाला ठाऊक होतं? एकट्या मोझेलला, त्याच्या बायकोला.

हॉइटला रंग कळायचे नाहीत. नजर तशी घारीची, लांब पलीकडच्या काठावर उभा असलेला बगळा ओळखायचा. काळं, पांढरं, पिवळं, निळं त्याला कळे. पण हिरवा, तपकिरी आणि लाल हे तिन्ही त्याला एकच, ओल्या मातीसारखे. आता बास माशामागे लागलेल्या माणसाने हे चारचौघांत कबूल करायचं म्हणजे चर्चमधल्या गवयाने मला सूर ऐकू येत नाही म्हणून सांगण्यासारखं. कारण आमच्याकडे सगळा खेळच रंगांचा. लॅमारच्या मासेमारीच्या दुकानात जा, भिंतभर पाकिटं लटकलेली असतात. कलिंगडाच्या सालीसारखं हिरवट ते कलिंगडी, कच्च्या भोपळ्यासारखं ते भोपळी, इंजिन ऑइलच्या तपकिरी रंगाचं, लाल विटकरी, जांभळं, निळ्या शेपटीचं काळं. त्यात पुन्हा लाल ठिपक्यांचं वेगळं, सोनेरी ठिपक्यांचं वेगळं. सरळ शेपटीचं, वळलेल्या शेपटीचं, बोटाएवढं, वीतभर. गळाचं टोक गांडुळाच्याच पोटात लपवायचं म्हणजे बुडालेल्या झाडांत अडकत नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमचं एकमत. रंगावरून मात्र सख्खे भाऊ बोलेनासे झालेत.

मोझेलला हे कळलं ते लग्नाच्या आधी, तिच्या बापाच्या शेतात. टोमॅटो तोडायला सगळे गेले होते, आणि हॉइटने टोपली आणली ती निम्मी कच्च्या हिरव्या टोमॅटोंची. तिचे भाऊ हसायला लागले, की पोराचं लक्ष टोमॅटोंवर नव्हतंच. हॉइटही हसला, पण त्याच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या. मोझेलने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, तळायला मीच सांगितले होते हिरवे. तेवढ्यावर भावांची तोंडं बंद झाली. त्या संध्याकाळी अंगणाच्या पायरीवर बसून हॉइटने तिला सगळं सांगितलं. परगावी वायरिंगच्या कामावर लागला होता, पहिल्याच महिन्यात लाल आणि हिरव्या तारेत गफलत करून हाकलला गेला होता. बाप होता तोवर परगावच्या लोकांसमोर त्याच्या हातात दोन गांडुळं द्यायचा आणि सांग यातलं हिरवं कुठलं म्हणून विचारायचा. लोक पोट धरून हसायचे, बाप सगळ्यांत जास्त. सांगताना हॉइट रडला. मोझेलने त्याचं डोकं कुशीत घेतलं आणि म्हणाली, हे कुणाला कळणार नाही. बाईने एकदा शब्द दिला की दिला.

देवाची करणी बघा, मोझेलची नोकरीच रंगांची. फेरीच्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या बाजूला रंगाचं काउंटर आहे, तिथे ती लग्नाआधीपासून उभी. कुणी उशीचा जुना अभ्रा घेऊन यायचं आणि भिंत अशी हवी म्हणायचं. मोझेल डब्यात दोन थेंब पिवळा, थेंबभर काळा टाकून ढवळायची, आणि तोच रंग निघायचा. गावातल्या निम्म्या घरांच्या भिंती तिच्या हातच्या. लग्न होऊन नवरा-नवरी पहिलं घर घ्यायची ती तिच्याकडे यायची, आणि ती चार प्रश्न विचारायची. खिडकी कुठल्या दिशेला, दिवा कुठला, सकाळी उठून आधी काय दिसतं. मग रंग सांगायची. तिने सांगितलेला रंग बदलायला परत आलं असं कुणी मला आठवत नाही.

तेव्हा डबा लावणं तिच्यासाठी अवघड नव्हतं. शुक्रवारी कामावरून आली की स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायची आणि हॉइटची गांडुळं ओतायची. डब्याच्या डावीकडून उजवीकडे असे खण, नितळ पाणी ते गढूळ पाणी. पहिल्यात कलिंगडी, मग भोपळी, मग इंजिन ऑइल, मग विटकरी, पुढे जांभळं, आणि शेवटी काळं. एका खणातलं दुसऱ्यात जाऊ द्यायची नाही, कारण ही रबरी गांडुळं महाखट. एका रात्रीत एकाचा रंग दुसऱ्याला लागतो आणि दोन्ही वाया जातात. हॉइटला तिने एक पांढरा पत्र्याचा मग दोरी बांधून दिला होता. तो पाण्यात सोडायचा, किती खोलवर दिसतो ते बघायचं, आणि त्या हिशेबाने खण निवडायचा. खणांची नावं त्याने पोरं पाढे पाठ करतात तशी केली होती. लोकांना वाटायचं हा मग म्हणजे हॉइटची काहीतरी खास विद्या. लॅमारने तर दुकानात तसे मग विकायला ठेवले.

एका बोटीत तो कुणाला घ्यायचा नाही. लोक म्हणायचे, गर्विष्ठ आहे. मोझेलला खरं ठाऊक होतं, की बिचारा घाबरतो. शेजारच्याने सहज म्हटलं, ते लाल दे रे, तर काय करायचं? शेजारच्या घरातला डॉयल हेम्बी, शाळेपासूनचा दोस्त, वर्षानुवर्षं विचारायचा, मला कधी नेणार? हॉइट काहीतरी कारण सांगून वेळ मारून न्यायचा. मग घरी येऊन गप्प बसायचा. अशा वेळी मोझेल त्याच्यासमोर मक्याचा कॉर्नब्रेड आणि ताक ठेवायची आणि काही विचारायची नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ते खरंच. पण ती मूठ झाकून धरणाऱ्या हाताला रग लागते, त्याचं काय? वर्षं गेली, हॉइटच्या नावाचा बोलबाला वाढला, दिवाणखान्यातली ट्रॉफ्यांची फळी भरली, आणि मोझेलच्या मनात एका इच्छेने मूळ धरलं. फार मोठी नव्हती. त्याचं गुपित उघडं पडावं असं तिला कधीच वाटलं नाही. तिला फक्त एक वाक्य हवं होतं, चार माणसांत. माझा डबा मोझेल लावते. बस्स. यातून कुणाला काय कळणार होतं? कुणाची बायको नवऱ्याचे सॅंडविच करते, कुणाची डबा लावते. पण तिला ते ऐकायचं होतं, आणि त्याच्या तोंडून.

त्या वर्षी आमच्या चर्चच्या पुरुष मंडळाने हॉइटला बोलायला बोलावलं. शरदातली मोठी स्पर्धा तोंडावर आलेली, तेव्हा विषय ठरला, गांडूळ कसं निवडावं. ब्रदर टिली, आमचे पाद्री, स्वतः घरी येऊन आमंत्रण देऊन गेले. ते गेल्यावर मोझेलने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, हॉइट, त्या दिवशी एवढंच म्हण, की डबा मी लावते. हॉइट खुर्चीत जरा हलला. मग म्हणाला, अगं, म्हणेन की, त्यात काय. तिने त्या दिवसासाठी केस करून घेतले. निळा ड्रेस काढला. एका वाक्यासाठी, बरं का.

हॉल खचाखच भरला होता. मोझेलने आधीच जाऊन टेबलावर पाकिटं क्रमाने मांडून ठेवली होती, डावीकडून उजवीकडे, म्हणजे त्याला चुकायला नको. हॉइट छान बोलला. नितळ पाण्यात हिरवट, आरपार दिसणारं. पाणी चहासारखं झालं की भोपळी. ढगाळलं की गडद. सगळी तिचीच वाक्यं, शब्द न् शब्द. लोक पेन्सिलीने लिहून घेत होते. मोझेल मागे बायकांबरोबर गोड चहाचे ग्लास भरत उभी होती, आणि आता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून तिचे कान तिकडे लागले होते.

शेवटी डॉयलने हात वर केला आणि गमतीने विचारलं, की घरी मोझेलबाई एवढ्या रंगातल्या जाणकार, गांडुळं त्याच निवडून देतात की काय?

साधा प्रश्न. हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण हॉइटच्या कानाच्या पाळ्या पेटल्या. तिने त्या तिथूनही पाहिल्या. त्याला वाटलं असावं, डॉयलला काही कळलं आहे. आणि घाबरलेला माणूस हाताला लागेल ते फेकून मारतो.

"मोझेल?" तो म्हणाला. "आमच्या घरातले पडदे बघितलेत का कुणी? त्या बाईच्या हातात रंग दिले तर मासे तलाव सोडून पळतील. तिच्या लेखी गांडूळ म्हणजे कोबीतली अळी."

हॉल हसून हसून लोळला. बायकासुद्धा हसल्या. एकीने मोझेलच्या दंडाला कोपर मारून म्हटलं, हे पुरुष म्हणजे ना. मोझेलही हसली, हसावंच लागतं. हातातला चहा तिने सांडू दिला नाही. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. दुसरं काहीही म्हणाला असता तर तिने गिळलं असतं. स्वयंपाक वाईट म्हणाला असता, जाडी म्हणाला असता. त्याने नेमकं रंगावरच बोट ठेवलं. ज्याला टोमॅटो पिकलाय का कच्चा हे कळत नाही, तो माणूस तिच्या डोळ्यांवर सगळ्या गावाला हसवत होता, तिनेच शिकवलेली वाक्यं बोलून झाल्यावर. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

गाडीत तो म्हणाला, गंमत केली गं, लोकांना हसायला काहीतरी लागतं. ती म्हणाली, हो. 

शुक्रवार आला. दुसऱ्या दिवशी शरदातली स्पर्धा, जिच्यात एका बोटीत एकच माणूस असतो आणि जी हॉइटने कधी जिंकली नव्हती. मोझेल कामावरून आली, तिने वर्तमानपत्र पसरलं आणि गांडुळं ओतली. बाहेर हॉइट बोटीची बॅटरी जोडत शीळ घालत होता. ती शीळ ऐकत तिने विटकरी गांडुळं उचलली आणि पहिल्या खणात ठेवली, जिथे कलिंगडी असतात. कलिंगडी इंजिन ऑइलच्या खणात. इंजिन ऑइल भोपळीच्या, भोपळी विटकरीच्या. जांभळ्याला आणि काळ्याला तिने हात लावला नाही, कारण ते बदललेले त्याला कळले असते. त्याला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे जगात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्या माहितीचा तिने असा उपयोग केला. ते दिवस कसे, पाणी काचेसारखं नितळ. काचेसारख्या पाण्यात विटकरी गांडूळ टाकणं म्हणजे प्रेतयात्रेला बँड लावून जाणं. आमच्याकडचं शेंबडं पोरही ते करायचं नाही.

तिला तो हरायला हवा होता. मी गोड करून सांगत नाही. नुसता हरायला नव्हे, रिकाम्या हाताने धक्क्यावर यायला हवा होता, म्हणजे त्याला कळेल की डब्यात कुणाचा हात होता.

शनिवारी दुपारी वजनाच्या वेळी सगळं गाव धक्क्यावर. मोझेलही गेली, आणि तिथे उभी राहिल्यावर मात्र तिचं काळीज हललं. एकेक बोट येत होती, चेहरे उतरलेले. पाणी फार नितळ, मासे बिथरलेले, कुणाला एक, कुणाला दोन. डॉयलच्या बोटीतल्या मासे ठेवायच्या टाकीत तर चिमुकलं एक पिल्लू. मोझेलला वाटलं, आपण काय करून बसलो. हा माणूस आता सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून येईल, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या पेटलेल्या असतील. तिला त्या पाळ्या बघवणार नव्हत्या. तिने ठरवलं, घरी गेल्यावर सांगून टाकायचं, माफी मागायची, आणि पुन्हा खण जागच्या जागी लावून द्यायचे.

हॉइट आला तो उभ्यानेच, दोन्ही हातांत टाकीतल्या माशांची पिशवी धरून, आणि ती पिशवी त्याला उचलवत नव्हती. एवढे मासे त्या स्पर्धेत कुणी आणले नव्हते. तराजूचा काटा थांबल्यावर लोक ओरडायला लागले. माइकवाल्याने विचारलं, कशावर? आमच्याकडे रीत अशी, की धक्क्याला लागायच्या आधी प्रत्येक जण गळाचं गांडूळ तोडून खिशात घालतो, कुणाला दिसू नये म्हणून. पण जिंकणाऱ्याने विचारल्यावर सांगायचं, हीही रीत. हॉइटने छाती फुगवून सांगितलं, "कलिंगडी. दिवसभर दुसरं लावलंच नाही." त्याने देवाचे आभार मानले, लॅमारचे मानले, बोटीच्या इंजिनाचेसुद्धा मानले.

तासाभरात लॅमारच्या भिंतीवरची कलिंगडी पाकिटं संपली. पुढच्या आठवड्यात डॉयलने त्या कलिंगडीवर चांगले घसघशीत मासे धरले, म्हणजे तेही चाललं. मासे कशालाही लागत होते.

रविवारी दुपारी चर्चहून आल्यावर मोझेलने हॉइटचा कालचा शर्ट धुवायला घेतला आणि खिशात हात घातला. गांडूळ निघालं, शेपटी तुटलेलं, दातांनी चावलेलं, भाजलेल्या विटेसारखं लाल. खरं तर तिला ठाऊकच होतं.  ते हातात धरून ती बाहेर आली. हॉइट टेबलाशी बसून नवी ट्रॉफी फडक्याने पुसत होता. तिने ते गांडूळ त्याच्यासमोर ठेवलं.

"हे कुठलं?" तिने विचारलं.

"कलिंगडी की. तेच ते."

"विटकरी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, गांडुळाकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. ती म्हणाली, "मी खण फिरवले होते. मुद्दाम. तू त्या दिवशी जे बोललास त्यासाठी. तू हरावास म्हणून."

हे बोलताना ती उभी होती आणि खुर्चीची पाठ तिने घट्ट धरली होती. तिची तयारी होती. तो ओरडेल, ट्रॉफी फेकेल, आयुष्यात पहिल्यांदा तिला वाट्टेल ते बोलेल. तिला ते हवंच होतं, असं मला वाटतं. कारण तो चिडला असता तर त्याचा अर्थ असा झाला असता की तिच्या हातात काहीतरी होतं, आणि ते तिने काढून घेतलं.

हॉइट चिडला नाही. त्याने ते तुटकं गांडूळ बोटांत फिरवलं, आणि हळूहळू त्याचा चेहरा असा सैल झाला, जसा तिने लग्नाआधीच्या त्या संध्याकाळनंतर कधी पाहिला नव्हता. तुरुंगाचं दार उघडंच होतं हे माणसाला उशिरा कळावं, तसा.

"म्हणजे काही फरकच पडत नाही," तो म्हणाला. "मोझेल, मासळीला काही फरक पडत नाही. इतकी वर्षं मी उगाच घाबरत होतो." आणि मग तिच्या हातावर थोपटून, अगदी मायेने म्हणाला, "तूही उगाच दमलीस गं. आता नको हो लावत बसू."

तिच्या वाईटपणाची त्याने दखलसुद्धा घेतली नाही. तो इतका खुशीत होता की तिने सूड घेतला हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. त्याने उठून तो डबा आणला, सगळे खण एका पिठाच्या पिशवीत ओतले, हिरवं-लाल-काळं सगळं एकत्र, आणि पिशवीला गाठ मारली. आठवड्यात त्या सगळ्यांचा एकमेकांना रंग लागून एक चिखलकाला झाला. तो त्यातलंच घेऊन जायचा, आणि त्याला पूर्वी लागायचे तेवढेच मासे लागायचे. आता बोटीत डॉयल असायचा. दोघं पहाटे निघायचे ते हसत निघायचे. शुक्रवारी संध्याकाळी मोझेल घरी यायची, टेबल मोकळं असायचं, आणि त्या वेळेचं काय करावं हे तिला कळायचं नाही.

केलं सगळं पाण्यात, असं तिने मनाशी म्हटलं असेल का? ती कुणाशी बोलली नाही. मी सांगतो ते तिच्या तोंडावर दिसायचं त्यावरून.

आणि एकदा भीती गेल्यावर हॉइटच्या तोंडाला कुलूप कशाला राहतंय. ज्या गोष्टीसाठी त्याने अर्धा जन्म चोरासारखा काढला, तीच गोष्ट तो आता स्वतः उठून सांगायला लागला. मला रंग दिसत नाहीत, राजेहो! लॅमारच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर. लोक आधी चकित व्हायचे, मग पाठीवर थापा मारायचे. रंग दिसत नसताना आम्हा सगळ्यांना हरवतो म्हणजे काय माणूस आहे! त्याचं नाव पूर्वीच्या दुप्पट झालं. आणि गोष्ट रंगवायला त्याला मोझेल लागायची. मुद्दाम केलं असं सांगायचं तर का केलं तेही सांगावं लागलं असतं. तेव्हा त्याने तेवढा भाग वळवला, सोयीचा तेवढा ठेवला. माझा डबा मोझेल लावते, असं तो म्हणायचा, आणि पुढे, त्या दिवशी तिने सगळा घोळ घालून ठेवला होता.

एका शनिवारी सकाळी ही गोष्ट तो हार्डवेअरच्या दुकानात, रंगाच्या काउंटरपासून चार पावलांवर उभा राहून, बाहेरगावच्या दोन माणसांना सांगत होता. डॉयल बाजूला होताच, त्याला गोष्ट पाठ झाली होती, तो आधीच हसायला लागला होता. काउंटरवर मोझेल मिसेस ओडमना रंगांच्या चकत्या दाखवत होती. मिसेस ओडमचे यजमान वसंतात वारले होते आणि बाईंना झोपायची खोली पुन्हा रंगवायची होती. दोन हिरव्यांत त्यांचं मन अडकलं होतं.

"आणि ही बघा," हॉइट त्या माणसांना म्हणाला, "हीच ती. माझा डबा हीच लावते. हिने घोळ घातला आणि मी जिंकलो."

सगळ्या दुकानाने वळून तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं जे वाक्य ऐकायला ती थांबली होती, ते त्याने चार माणसांत म्हटलं होतं, मोठ्याने, तिच्याकडे बोट दाखवून.

मोझेल म्हणाली, "मी घोळ घातला नव्हता. मुद्दाम केलं होतं, तू हरावास म्हणून."

हसण्याचा असा स्फोट झाला की गल्ल्यावरची पोरगी धावत बघायला आली. डॉयलला खोकला लागला. बाहेरगावच्यांपैकी एक डोळे पुसत म्हणाला, बाई भारी आहे हां तुमची. हॉइट सगळ्यांपेक्षा जास्त हसला, आणि मग अभिमानाने म्हणाला, अशीच आहे ती पहिल्यापासून.

मिसेस ओडमसुद्धा हसल्या, बऱ्याच दिवसांनी हसल्या असाव्यात. मग त्यांनी दोन्ही हिरव्या चकत्या मोझेलपुढे धरल्या आणि विचारलं, तर मग यातला कुठला घेऊ? खिडकी पूर्वेला आहे.

"कुठलाही न्या," मोझेल म्हणाली. "काही फरक पडत नाही."

मिसेस ओडमना वाटलं, ही अजून गमतीतच बोलते आहे. त्या चकत्या हातात धरून थांबल्या. मोझेलने काउंटर पुसायला घेतलं होतं.